जिवाणू आणि विषाणू यांचे अखंड युद्ध : त्यातून माणसाच्या हाती आलेली दोन शस्त्रे

(वारासिवनी येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय डोळ्यांना न दिसणाऱ्या एका युद्धाचा आहे. हे युद्ध वैनगंगेच्या पाण्यात चालू आहे, आपल्या भाताच्या बांधीतील चिखलात चालू आहे, घरातील दह्याच्या गाडग्यात चालू आहे आणि आपल्या प्रत्येकाच्या आतड्यातही चालू आहे. एका बाजूस जिवाणू आहेत. दुसऱ्या बाजूस त्या जिवाणूंवर जगणारे विषाणू आहेत. माणूस पृथ्वीवर येण्यापूर्वी अब्जावधी वर्षे हे युद्ध सुरू झाले आणि आजतागायत त्यात कोणाचाही अंतिम विजय झालेला नाही.

इतक्या सूक्ष्म जीवांच्या भांडणाशी आपला काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. विदर्भ, छत्तीसगड आणि महाकोशल या आपल्या पट्ट्यात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. या आजाराचे मूळ ओळखण्याचे साधन आणि त्याच्यावरील अगदी नवा उपचार, ही दोन्ही जिवाणूंनी विषाणूंशी लढताना घडविलेल्या शस्त्रांतून आपल्याला मिळालेली आहेत. ती कशी मिळाली हे आज क्रमाने सांगावयाचे आहे.

पटकी आणि नदीचे पाणी

आरंभ आपल्याच देशातील एका जुन्या निरीक्षणापासून करू. पटकीचा आजार आपल्या वाडवडिलांना चांगला परिचित होता. गावात पटकी आली की मरीआईचा कोप झाला असे समजत आणि माणसे गाव सोडून रानात राहावयास जात. अशा काळात, १८९६ साली, आग्रा येथे शासकीय सेवेत असलेले अर्नेस्ट हँकिन यांनी एक लेख प्रसिद्ध केला. गंगा व यमुना या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले तर ते थोड्याच तासांत मरतात, पण तेच पाणी उकळून घेतले तर त्याचा हा गुण नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. याचे कारण त्यांना उमगले नव्हते. पाण्यात उडून जाणारे एखादे रासायनिक द्रव्य असावे, असा त्यांचा तर्क होता. पुढे अनेकांनी हे जिवाणुभक्षी विषाणूंचे काम असावे असे म्हटले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. या निरीक्षणाचा अर्थ नदीचे पाणी तसेच पिण्यास निर्धोक आहे, असा मुळीच नाही. नदीच्या पाण्यात रोगजंतूंचे शत्रू असतात, तसे रोगजंतूही असतात. पिण्याचे पाणी उकळून अथवा औषध टाकून शुद्ध केलेलेच असावे.

जिवाणूंचा शत्रू

१९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स डेरेल यांनी, जिवाणूंना मारणारे काही अतिसूक्ष्म घटक असतात असे स्वतंत्रपणे दाखवून दिले. डेरेल यांनी त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. आज आपण त्यांना थोडक्यात ‘फाज’ म्हणतो.

फाज काम कसे करतो? जिवाणू ही एका पेशीची सजीव वस्तू आहे. तिची लांबी साधारणतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. फाज तिच्याहूनही कितीतरी लहान असतो. त्याला स्वतःचे पोट नाही, श्वास नाही, वाढण्याची स्वतंत्र शक्ती नाही. प्रथिनाचे एक कवच आणि त्याच्या आत आनुवंशिक माहितीचा धागा, म्हणजे बहुधा डीएनए, एवढाच त्याचा संसार. तो जिवाणूच्या पृष्ठभागावरील एखाद्या ठरावीक खुंटीला चिकटतो आणि आपला धागा आत सोडतो. मग जिवाणूच्या पेशीतील सर्व यंत्रणा जिवाणूचे काम सोडून फाजाचे काम करू लागते. अर्ध्या तासाच्या आत शंभर, कधी दोनशे नवे फाज तयार होतात, पेशी फुटते आणि ते बाहेर पडून नव्या भक्ष्याच्या शोधास लागतात.

हे गणित असेच चालू राहिले असते तर पृथ्वीवर एकही जिवाणू उरला नसता. तो उरला आहे, याचाच अर्थ त्याच्याजवळ संरक्षणाची साधने आहेत.

पहिली साधने : दार बदलणे, खूण करणे

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्या खुंटीला फाज चिकटतो ती खुंटीच काढून टाकणे किंवा तिचा आकार बदलणे. पुष्कळ जिवाणू असे करतात. मात्र या उपायाची किंमत मोजावी लागते. पटकीच्या जिवाणूंवरील एक फाज ज्या आवरणाला चिकटतो ते आवरण जिवाणूने टाकून दिले, तर तो फाजापासून वाचतो खरा, पण माणसाच्या आतड्यात टिकून राहण्याची त्याची शक्ती कमी होते. दार चिणून घेतले तर चोर आत येत नाही, पण घरधन्यालाही ये-जा करता येत नाही, तसा हा प्रकार आहे.

दुसरे साधन अधिक चतुराईचे आहे. गुराखी आपल्या गुरांच्या अंगावर डाग देऊन खूण करतात. त्यामुळे कळपात परके जनावर शिरले तर ते लगेच ओळखू येते. जिवाणूही असेच करतो. आपल्या डीएनएवर ठरावीक ठिकाणी तो एक लहानशी रासायनिक खूण करून ठेवतो. त्याच्या पेशीत काही विशिष्ट विकरे असतात. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. ही विकरे पेशीभर पहारा देत असतात. ज्या डीएनएवर खूण नाही तो परका, असे समजून ती त्याचे तुकडे करतात. फाजाच्या डीएनएवर ही खूण नसल्यामुळे तो आत येताच कापला जातो.

या गोष्टीचा पहिला सुगावा १९५२-५३ च्या सुमारास अमेरिकेत साल्वादोर लुरिया आणि त्यांच्या समकालीन संशोधकांना लागला. जिनिव्हाचे वर्नर आर्बर यांनी १९६० नंतरच्या वर्षांत तिचे रहस्य उलगडले. १९७० साली हॅमिल्टन स्मिथ यांनी ठरावीक अक्षरक्रमावरच कापणारे विकर वेगळे काढले आणि पुढील वर्षी डॅनिएल नेथन्स यांनी त्याचा उपयोग करून डीएनएचा नकाशा काढण्याची पद्धत दाखविली. या तिघांना १९७८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएची भाषा अवघ्या चार अक्षरांची आहे. त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. ही विकरे म्हणजे त्या भाषेतील ठरावीक शब्द दिसला की तेथेच चालणारी कात्री होय. हे या भाषणातील पहिले शस्त्र. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

नोंदवही ठेवणारे जिवाणू

तिसरे साधन याहून आश्चर्यकारक आहे. १९८७ साली जपानमधील ओसाका येथे योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जिवाणूच्या डीएनएमध्ये एकच मजकूर पुनःपुन्हा आलेला दिसला. मध्ये मध्ये वेगवेगळे छोटे तुकडे होते. त्याचा अर्थ त्या वेळी कोणालाच लागला नाही. स्पेनमधील फ्रान्सिस्को मोहिका यांनी अनेक वर्षे या विषयाचा पाठपुरावा केला. २००५ साली त्यांनी व इतर काही संशोधकांनी दाखवून दिले की, मधले ते तुकडे फाजांच्या डीएनएशी जुळतात. या रचनेला तिच्या लांब इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘क्रिस्पर’ म्हणतात.

पोलीस ठाण्यात जुन्या गुन्हेगारांची छायाचित्रे आणि बोटांचे ठसे जपून ठेवलेले असतात. क्रिस्पर ही जिवाणूची तशीच नोंदवही आहे. फाजाच्या हल्ल्यातून वाचलेला जिवाणू त्या फाजाच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या वहीत डकवून ठेवतो. पुढे तोच फाज पुन्हा आला, तर त्या नोंदीची नक्कल काढून ती एका कापणाऱ्या प्रथिनाच्या हाती दिली जाते. ते प्रथिन आत आलेल्या डीएनएशी नक्कल ताडून पाहते आणि जुळली की कापते. विशेष म्हणजे पेशीचे विभाजन झाल्यावर ही वही पुढच्या पिढीलाही मिळते. आजोबांना झालेल्या हल्ल्याची आठवण नातवाला जन्मतःच असते.

याचा निर्णायक पुरावा कोठे मिळाला? दह्यात! दूध विरजून दही करणाऱ्या जिवाणूंपैकी ‘स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस’ हा एक प्रमुख होय. दही व चीज तयार करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत फाजांचा शिरकाव झाला की विरजणातील जिवाणू मरतात आणि हजारो लिटर दूध वाया जाते. ही अडचण तेथे फार जुनी आहे. डॅनिस्को या कंपनीतील रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली असे सिद्ध केले की, फाजाच्या हल्ल्यातून टिकलेल्या विरजणाच्या जिवाणूंनी आपल्या वहीत त्या फाजाची नवी नोंद केलेली असते. ती नोंद काढून टाकली की संरक्षण जाते आणि घातली की संरक्षण येते. ज्ञात जिवाणूंपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत अशी वही आढळते. हे दुसरे शस्त्र.

शेजाऱ्यासाठी मरण

याशिवाय आणखी एक साधन आहे आणि ते ऐकून मन क्षणभर थांबते. फाजाने ताबा घेतलाच आणि सुटका नाही असे झाले, तर काही जिवाणू फाजांची नवी पिढी तयार होण्यापूर्वीच स्वतःचा नाश करून घेतात. पेशी मरते, पण तिच्याबरोबर फाजाचाही अंत होतो आणि आजूबाजूचे जिवाणू वाचतात. खळ्यातील तणसाच्या एका गंजीस आग लागली, तर शेजारच्या गंज्या वाचविण्यासाठी लोक ती पेटलेली गंजी ओढून पाडतात. त्यातलाच हा प्रकार होय.

विषाणूंचे प्रतिडाव

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. फाज स्वस्थ बसलेले नाहीत.

खुणेची व कात्रीची योजना कशी चुकवावी? ‘टी-४’ नावाच्या फाजाने आपल्या डीएनएतील सी हे अक्षरच बदलून टाकले आहे आणि त्यावर साखरेचा रेणू चढविला आहे. त्यामुळे बहुतेक कात्र्यांना तो शब्द वाचताच येत नाही. ‘टी-७’ नावाचा फाज निराळी युक्ती करतो. पेशीत शिरताच तो डीएनएसारखे दिसणारे एक प्रथिन तयार करतो. कात्री त्या बनावट मालालाच धरून बसते आणि खरा माल सुरक्षित राहतो.

क्रिस्परच्या नोंदवहीवरही तोडगे निघाले आहेत. नोंदीशी ताडून पाहिल्या जाणाऱ्या मजकुरातील एखादे अक्षर बदलले की पुष्कळदा ओळख पटत नाही. फाजांची संख्या प्रचंड आणि पिढी अर्ध्या तासाची असल्यामुळे असा बदल झालेला एखादा फाज निघतोच. २०१३ साली कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात जोसेफ बाँडी-डेनोमी, अॅलन डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे फाज सापडले की, जे क्रिस्परच्या कापणाऱ्या प्रथिनालाच निकामी करणारी छोटी प्रथिने बरोबर घेऊन येतात. काही मोठे फाज तर जिवाणूच्या पेशीत शिरल्यावर आपल्या डीएनएभोवती प्रथिनांची एक बंदिस्त खोली बांधतात. कात्री बाहेर फिरत राहते, तिला आत प्रवेश मिळत नाही.

ढाक्याचे उदाहरण

या डावपेचांचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा पटकीचेच आहे. बांगलादेशातील ढाका येथील अतिसार संशोधन केंद्रातील शाह फारुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखविले की, तेथील पाण्यात पटकीचे फाज वाढतात तेव्हा साथ ओसरते आणि फाज कमी असतात तेव्हा ती जोर धरते. म्हणजे साथींच्या चढउतारात या अदृश्य युद्धाचाही हात असतो.

त्याच भागातील रुग्णांच्या विष्ठेत सापडणाऱ्या एका फाजाला ‘आयसीपी-१’ असे नाव आहे. त्याच्याविरुद्ध पटकीच्या काही जिवाणूंजवळ आपल्या डीएनएमध्येच एक खास पथक असते. आयसीपी-१ आत आला की हे पथक जागे होते आणि त्याची पैदास थांबविते. ती पेशी मरते, पण साथीदार वाचतात. यावर फाजाने काय केले असेल? किंबर्ली सीड, अँड्र्यू कॅमिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या शोधानुसार, या फाजाने क्रिस्परची संपूर्ण यंत्रणाच आपल्याजवळ बाळगली आहे. जी वही आणि जी कात्री जिवाणूंनी विषाणूंविरुद्ध घडविली, तीच घेऊन विषाणू आला आणि तिने जिवाणूच्या त्या पथकाचे तुकडे केले. शत्रूचे शस्त्र हिसकावून त्याच्यावरच चालविण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे दोघे नेहमीच शत्रू असतात असे नाही. पटकीत माणसाच्या अंगातील पाणी निघून जाते ते एका विषामुळे. हे विष असते असे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले. पुढे १९९६ साली अमेरिकेतील वाल्डर व मेकालानोस यांनी दाखविले की, हे विष तयार करण्याचे जनुक जिवाणूला एका फाजानेच आणून दिलेले आहे. तेव्हा फाज म्हणजे सदैव माणसाचा मित्र, असे समजण्याचे कारण नाही. तो कोणाचाच मित्र नाही. तो आपला संसार करतो.

औषध म्हणून फाज

फाज जिवाणूंना मारतात, तर त्यांचेच औषध का करू नये, हा विचार डेरेल यांनाच सुचला होता. १९२७ साली ते हिंदुस्थानात आले आणि पंजाबात पटकीच्या रुग्णांवर त्यांनी फाजाचे प्रयोग केले. पुढे आसामात फाजाच्या कुप्या मोठ्या प्रमाणावर गावोगाव वाटण्यात आल्या. परंतु काटेकोर तुलना करता येईल अशा रीतीने हे प्रयोग झाले नाहीत, निष्कर्ष उलटसुलट निघाले आणि काही वर्षांनी ते काम थांबले. त्यानंतर प्रतिजैविकांचे युग आले आणि जॉर्जियातील तिबिलिसीसारखी काही ठिकाणे सोडली तर फाज मागे पडले.

आज प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढल्यामुळे जगभर पुन्हा फाजांकडे लक्ष वळले आहे. मात्र आतापर्यंत जे सांगितले त्यावरून एक गोष्ट आपल्या ध्यानात आलीच असेल. जिवाणू फाजांनाही दाद देईनासे होतात. म्हणून एकच फाज न वापरता अनेकांचे मिश्रण वापरावे लागते आणि ते बदलत राहावे लागते. प्रतिजैविकांनाही हाच नियम लागू आहे. सर्दी-पडशाला दुकानातून आणून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेणे आणि बरे वाटताच उरलेल्या टाकून देणे, म्हणजे जिवाणूंना आपले डावपेच शिकविण्यासारखे आहे. अब्जावधी वर्षे युद्ध केलेल्या या जातीला शिकण्यास फार वेळ लागत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत आणि दिलेली मात्रा त्यांच्या सल्ल्यानेच पूर्ण करावी.

दोन शस्त्रे आणि सिकलसेल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सिकलसेल हा जिवाणूंचा वा विषाणूंचा आजार नाही. तो संसर्गाने होत नाही. एकाच ताटात जेवल्याने, एकत्र राहिल्याने तो लागत नाही. तो आईवडिलांकडून येतो. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एका ठिकाणी ए या अक्षराच्या जागी टी आलेले असते. दोष एवढाच, एका अक्षराचा. पण त्यामुळे तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदना, रक्तक्षय व वारंवार होणारे संसर्ग रुग्णाच्या वाट्यास येतात. नागपूरचे शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. त्यालाही आता बराच काळ लोटला आहे.

जिवाणूंच्या कात्रीला नोबेल पारितोषिक मिळाले त्याच १९७८ साली, अमेरिकेतील युएत वाय कान व आंद्रे डोझी यांनी तीच कात्री सिकलसेलसाठी वापरली. माणसाचा डीएनए कापून, तुकड्यांच्या लांबीवरून सिकलसेलचे जनुक ओळखता येते, हे त्यांनी दाखविले. १९८२ साली याहून नेमकी कात्री मिळाली. सिकलसेलमध्ये जे एक अक्षर बदलते ते नेमके तिच्या ठरावीक शब्दातील असते. निरोगी जनुक ती कापते, सिकलसेलचे जनुक ती कापू शकत नाही. त्यामुळे पोटातील बाळाला हा आजार आहे किंवा नाही, हे थेट सांगता येऊ लागले. माणसाचा आनुवंशिक आजार डीएनए तपासून ओळखण्याच्या पद्धतीचा जवळजवळ श्रीगणेशाच सिकलसेलपासून झाला. १९८६ साली याच कात्र्यांच्या साहाय्याने असेही आढळले की, भारत व अरबस्तान या भागातील सिकलसेलचा बदल आफ्रिकेतून आलेला नसून तो येथे स्वतंत्रपणे उद्भवला असावा.

दुसऱ्या शस्त्राची, म्हणजे क्रिस्परची, कथाही येथेच येऊन पोहोचते. २०१२ साली एमान्युएल शार्पंतिए व जेनिफर डाउडना यांनी दाखविले की, क्रिस्परच्या कात्रीला आपण लिहून देऊ तो पत्ता देता येतो आणि ती नेमकी तेथेच कापते. त्यांना २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कात्रीवर आधारलेल्या जगातील पहिल्या उपचारास २०२३ सालच्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. तो उपचार मुख्यतः कोणत्या आजारासाठी होता? सिकलसेलसाठीच. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते बंद होते. रुग्णाच्या मज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून, ते बंद करणारी कळ क्रिस्परने कापली जाते आणि पेशी परत दिल्या जातात. मग ते जुने हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते व रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचे टळते.

हा उपचार अजून फार महाग आहे. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे बावीस लाख डॉलर ठरविण्यात आली. शिवाय त्यापूर्वी रुग्णाला तीव्र औषधे द्यावी लागतात व दीर्घ काळ रुग्णालयात राहावे लागते. म्हणून आपल्या देशात स्वस्त उपचार तयार होणे अगत्याचे आहे. दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतील शास्त्रज्ञांनी असा देशी उपचार विकसित केला असून, भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्यास ‘बिरसा १०१’ असे नाव दिले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटबरोबर त्यासंबंधी करार झाला. रुग्णांवरील चाचण्यांच्या कसोटीला उतरल्यानंतरच तो सर्वांसाठी उपलब्ध होऊ शकेल. तोवर धीर धरला पाहिजे आणि आजच हा आजार बरा करतो असे सांगणाऱ्या भोंदूंपासून सावध राहिले पाहिजे.

आज आपल्या हाती काय आहे

उद्याच्या उपचाराची वाट पाहत असताना आजची कर्तव्ये विसरून चालणार नाही. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू न देणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. थेंबभर रक्ताने ही तपासणी होते.

ग्रामस्थांना माझे सांगणे असे की, लग्न जुळविताना पत्रिका अवश्य पाहा, पण त्याआधी सिकलसेलची तपासणी पाहा. ज्याच्याजवळ दोषी जनुकाची एकच प्रत आहे, त्याला वाहक म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करू शकतो, नोकरी करू शकतो, संसार करू शकतो. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळले तर योग्य निर्णय घेता येतो. यात मुलीला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. बाळाला आजार होण्यासाठी दोषी जनुक आई व बाप या दोघांकडूनही यावे लागते.

शिक्षक बंधु-भगिनींना विनंती अशी की, वर्गातील एखादे मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणून शाळा बुडवीत असेल, त्याचे डोळे पिवळसर दिसत असतील, ते लवकर दमत असेल, तर त्याला आळशी म्हणून शिक्षा करू नका. त्यास आरोग्य केंद्रात पाठवा. त्याला वर्गात हवे तेव्हा पाणी पिऊ द्या. थंडीत व कडक उन्हात कवायतीची सक्ती करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित घेतल्यास पुष्कळ रुग्णांचा त्रास कमी होतो. लसी वेळेवर दिल्यास संसर्ग टळतात.

अधिकारी मंडळींना सांगावयाचे ते इतकेच की, तपासणी झाली पण तिचे कार्ड घरी पोहोचले नाही, किंवा औषध लिहून दिले पण ते केंद्रात मिळाले नाही, तर शास्त्रज्ञांच्या सर्व श्रमांवर शेवटच्या पावलाशी पाणी पडते. जिवाणूची नोंदवही त्याच्या नातवापर्यंत पोहोचते. आपली नोंदवही निदान रुग्णाच्या घरापर्यंत तरी पोहोचली पाहिजे.

मित्रहो, दह्यातल्या जिवाणूंचा आणि पटकीच्या विषाणूंचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात सिकलसेलचा विचारही नव्हता. जिवाणू मरत का नाहीत, हा साधा प्रश्न त्यांनी चिकाटीने विचारला. उत्तर मिळावयास अनेक दशके लागली आणि ते आपल्या भागातील मुलांच्या उपयोगी पडण्याच्या बेतात आहे. म्हणून आपल्या शाळेतील एखाद्या मुलाने गाडग्यातले दही आंबट का होते असे विचारले, तर त्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, एवढीच माझी प्रार्थना आहे.